लॅपटॉपवरचा नकाशा आणि धरणाचे पाणी

नगर जिल्ह्याचे नाव घेतले की डोळ्यांपुढे येतात ते साखर कारखाने, शिर्डीची वारी, भुईकोट किल्ला आणि पाण्यासाठी आसुसलेले पूर्वेकडील तालुके. २०२४ मध्ये अधिकृतरीत्या अहिल्यानगर झालेल्या या जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. तरीही नौकाविहाराला पुरेल एवढे पाणी येथे आहे. पश्चिमेला अकोले तालुक्यात प्रवरेवरचे भंडारदरा आणि त्याच्या खाली निळवंडे, राहुरीजवळ मुळा धरणाचा ज्ञानेश्वरसागर, पूर्वेला नेवासे व शेवगाव तालुक्यांत शिरलेला जायकवाडीचा नाथसागर आणि दक्षिणेला कर्जतच्या सीमेला भिडणारा उजनीचा फुगवटा अशी ही जलाशयांची माळ आहे. अलीकडे येथे हौशी नौकानयनाची आवड रुजत आहे. हवेने फुगवायची कयाक, लहान मोटरबोट किंवा शिडाची डिंगी घेऊन पुण्या-मुंबईची मंडळी शनिवार-रविवारी या पाण्यावर येतात. त्यांच्यापैकी काहींच्या पिशवीत लॅपटॉप, बोटभर लांबीचा जीपीएस ग्राहक आणि मार्गनिर्देशनाचे सॉफ्टवेअर असते.

हे सॉफ्टवेअर मुळात समुद्रासाठी घडले. ते धरणाच्या पाण्यावर कितपत उपयोगी पडते, त्यासाठी काय तयारी लागते आणि त्याच्यावर कोठपर्यंत विसंबावे, याची माहिती येथे एकत्र दिली आहे.

समुद्रावरचे साधन

नौकेचे स्थान ठरवणे, जायची दिशा ठरवणे आणि वाटेतले धोके टाळणे ही नाविकाची तीन कामे. शतकानुशतके ती होकायंत्र, सागरी नकाशा, आकाशातील तारे आणि तांडेलाची नजर यांच्या बळावर होत आली. अमेरिकेची जीपीएस यंत्रणा १९९५ मध्ये पूर्ण क्षमतेने कार्यान्वित झाली आणि स्थान ठरवण्याचे काम सोपे झाले. मात्र नागरी वापरासाठीच्या संदेशांत तेव्हा मुद्दाम चूक मिसळली जाई. त्यामुळे स्थानात शंभर मीटरपर्यंत फरक पडे. मे २००० मध्ये ही मिसळ थांबवण्यात आली आणि सामान्य ग्राहकयंत्रही दहा-पंधरा मीटरच्या आत स्थान सांगू लागले. आज जीपीएसबरोबर रशिया, युरोप व चीन यांचे उपग्रह वाचणारी स्वस्त यंत्रे मिळतात आणि मोकळ्या आकाशाखाली त्यांची चूक सहसा काही मीटरांपुरती असते. भारताची ‘नाविक’ ही स्वतंत्र यंत्रणाही आता काही यंत्रांना वाचता येते.

संगणकाच्या पडद्यावर सागरी नकाशा उघडून त्यावर नौकेचे चिन्ह सरकताना दाखवणारी सॉफ्टवेअरे १९९० च्या दशकात हौशी नाविकांमध्ये रुळली. मॅक्ससी आणि नोबेलटेक ही त्या काळची परिचित नावे. त्यांची किंमत आपल्याकडच्या हौशी माणसाच्या आवाक्याबाहेर होती. २००९ च्या सुमारास ओपनसीपीएन हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर पुढे आले आणि चित्र पालटले. ते विनामूल्य आहे, विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्ही प्रणालींवर चालते, आणि स्वयंसेवकांच्या हातून त्यात सतत भर पडत असते. फोन व टॅबलेटवरची अॅप आता बहुतेकांच्या हाती असली, तरी मोठा पडदा, स्वतः तयार केलेले नकाशे वापरण्याची मुभा आणि प्रवासाची सविस्तर नोंद या तीन कारणांसाठी लॅपटॉप अजूनही टिकून आहे.

एक गोष्ट प्रारंभीच स्पष्ट असावी. मोठ्या व्यापारी जहाजांवर आंतरराष्ट्रीय नियमांनुसार जी इलेक्ट्रॉनिक नकाशा प्रणाली बसवावी लागते, ती प्रमाणित असते आणि तिला पर्यायी व्यवस्थाही सक्तीची असते. लॅपटॉपवरचे सॉफ्टवेअर तसे प्रमाणित नसते. ते मदतनीस आहे. सुकाणू आणि जबाबदारी, दोन्ही नौका चालवणाऱ्याच्याच हाती राहतात.

काय काय लागते?

साहित्याची यादी लहान आहे. चार-पाच वर्षांपूर्वीचा लॅपटॉपही या कामाला पुरतो. फिरत्या चकतीऐवजी घन स्मृती असलेला असल्यास उत्तम, कारण होडीचे हादरे चकतीला मानवत नाहीत. यूएसबीला जोडायचा जीपीएस ग्राहक हे दुसरे साधन. तो जोडला की लॅपटॉपला एक आभासी सीरियल पोर्ट दिसतो आणि त्यावरून दर सेकंदाला मजकुराच्या ओळी येऊ लागतात. एनएमईए ०१८३ या सागरी उपकरणांच्या प्रमाणित भाषेतल्या या ओळी असतात. वेळ, अक्षांश, रेखांश, वेग आणि दिशा त्यांत सांगितलेली असते. सॉफ्टवेअरमध्ये योग्य पोर्ट आणि योग्य वेग निवडायचा असतो. हा वेग जुन्या उपकरणांत सहसा ४८०० असतो. तो चुकला तर पडद्यावर नौका उमटत नाही. नवशिक्यांची निम्मी तक्रार येथेच निघते.

तिसरे साधन ऐच्छिक, पण धरणासाठी फार मोलाचे आहे. ते म्हणजे ध्वनिलहरींनी खोली मोजणारे यंत्र. मासेमारीसाठी मिळणाऱ्या साध्या यंत्रांपैकी काही यंत्रे खोलीचा आकडा याच भाषेत लॅपटॉपकडे पाठवू शकतात. खरेदीपूर्वी ती सोय आहे की नाही, हे पाहावे.

सॉफ्टवेअर बसवल्यावर काही मांडण्या घरीच करून घ्याव्यात. अंतर सागरी मैलांऐवजी किलोमीटरमध्ये आणि वेग नॉटऐवजी ताशी किलोमीटरमध्ये ठेवला तर गोंधळ टळतो. एक सागरी मैल म्हणजे १८५२ मीटर. निर्देशांक लिहिण्याची पद्धत तर कटाक्षाने एकच ठेवावी. १९ अंश ३२.५० मिनिटे आणि १९ अंश ३२ मिनिटे ५० सेकंद हे दोन आकडे दिसायला सारखे आहेत, पण त्यांच्यात २० सेकंदांचा, म्हणजे जमिनीवर सहाशे मीटरहून अधिक फरक आहे. एवढ्या अंतरात भंडारदऱ्याचा एक काठ संपून दुसरा सुरू होऊ शकतो.

नगरच्या पाण्याला सागरी नकाशा नाही

सागरी मार्गनिर्देशनाचा खरा आधार नकाशा असतो. भारतीय समुद्राचे नकाशे देहरादून येथील राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालय तयार करते. त्यांत खोली, खडक, दीपगृहे, बोये आणि बुडालेली जहाजे यांची नोंद असते व त्यात वेळोवेळी दुरुस्त्या होतात. मुंबई बंदरातून अलिबागकडे शीड उभारून जाणाऱ्याला हा आधार मिळतो. भंडारदऱ्याच्या किंवा नाथसागराच्या पाण्यावर लॅपटॉप उघडणाऱ्याला तो मिळत नाही. सॉफ्टवेअरमधील जगाच्या ढोबळ नकाशावर नगर जिल्हा म्हणजे सलग जमीन. नौकेचे चिन्ह त्या जमिनीवरून निवांत फिरताना दिसते.

याचे कारण सरळ आहे. ही धरणे सिंचनासाठी बांधली गेली, नौकानयनासाठी नव्हे. भंडारदऱ्याचे विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झाले. सुमारे ११ हजार ३९ दशलक्ष घनफूट साठ्याचे हे धरण खालच्या प्रवरा खोऱ्यातील शेतीसाठी उभे राहिले. मुळेची साठवणक्षमता २६ हजार दशलक्ष घनफूट, तर १९७६ मध्ये पूर्ण झालेल्या जायकवाडीची १०२ अब्ज घनफुटांहून अधिक. या धरणांची सर्वेक्षणे होतात, पण ती साठा आणि गाळ मोजण्यासाठी. होडीवाल्याला हवी असलेली माहिती, म्हणजे अमुक ठिकाणी आज किती पाणी आहे आणि त्याखाली काय आहे, ही त्यांचा उद्देश नसते.

शिवाय समुद्राची भरती-ओहोटी दिवसातून दोनदा येते आणि तिचे वेळापत्रक आधीच छापता येते. धरणाची ‘ओहोटी’ वर्षभराची असते. भंडारदरा बहुतेक वर्षी ऑगस्टच्या मध्यापर्यंत भरते आणि आवर्तने सुटू लागली की पाणी उतरत जाते, ते मेअखेर तळ गाठते. जायकवाडीची पूर्ण संचय पातळी १५२२ फूट. तेथून पातळी काही फूट उतरली तरी सपाट काठावर पाणी खूप मागे सरकते. जेथे दिवाळीत होडी चालली, तेथे मे महिन्यात गाळपेरीची काकडी-कलिंगडे पिकलेली असतात. सह्याद्रीच्या दरीत अडवलेले भंडारदरा आणि पठारावर पसरलेला नाथसागर यांचा स्वभावच भिन्न आहे. पहिल्यात काठापासून थोड्या अंतरावर खोल पाणी लागते. दुसऱ्यात काठ नजरेआड झाला तरी तळ जवळच असू शकतो.

काठाच्या रेषेतून खोली

नकाशा नाही म्हणून हात टेकण्याचे कारण नाही. धरणाचे पाणी वर्षभर चढते-उतरते, ही अडचणच येथे उपयोगी पडते.

युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहमालिकेची छायाचित्रे २०१५ पासून कोणालाही विनामूल्य मिळतात. त्यांतील एक ठिपका जमिनीवरील १० मीटरचा असतो आणि साधारण दर पाच दिवसांनी तोच प्रदेश पुन्हा टिपला जातो. अवरक्त पट्ट्यात पाणी काळे आणि जमीन उजळ दिसते, त्यामुळे पाण्याचा काठ नेमका ओळखता येतो. दुसरीकडे, धरणांतील पाण्याची पातळी जलसंपदा विभागाच्या दैनंदिन अहवालांत प्रसिद्ध होते. आता तर्क असा : ज्या दिवशी धरणाची पातळी १५१५ फूट होती, त्या दिवशीच्या छायाचित्रातील पाण्याची कड म्हणजे १५१५ फुटांची समपातळी रेषा. पातळी १५१० वर असतानाची कड म्हणजे १५१० ची रेषा. ऑक्टोबर ते मे या काळातील आठ-दहा छायाचित्रे अशी एकावर एक ठेवली, की भरल्या धरणाखाली दडणाऱ्या जमिनीचा उंचसखलपणा कागदावर उतरतो. पावसाळ्यात ढग आड येतात, पण पाणी उतरण्याचा हंगाम निरभ्र आकाशाचाच असतो. नाशिकच्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेसारख्या संस्था दूरसंवेदनाने गाळाचा अंदाज घेतात, त्यामागे हेच तत्त्व आहे. धरण सर्वांत रिकामे असतानाच्या पातळीखाली काय आहे ते या रीतीने कळत नाही. पण होडीला धोका असतो तो या वरच्या पट्ट्यातच. त्याखाली एरवी भरपूर पाणी असते.

रेषा काढण्यासाठी क्यूजीआयएस हे विनामूल्य सॉफ्टवेअर वापरता येते. तयार झालेल्या रेषा जीपीएक्स स्वरूपात साठवल्या की ओपनसीपीएनमध्ये त्या कायमचा थर म्हणून दाखवता येतात. पूर्ण चित्र पार्श्वभूमीला हवे असेल, तर नव्या आवृत्त्या एमबीटाइल्स या स्वरूपातील नकाशेही उघडतात. रानावनात मोबाइलची रेंज भरवशाची नसते, म्हणून हे सर्व घरीच उतरवून घ्यावे. जुने स्थलदर्शक नकाशे स्कॅन करून वापरताना मात्र सावध राहावे. भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे एव्हरेस्ट या पद्धतीवर बेतलेले आहेत, जीपीएस डब्ल्यूजीएस-८४ वर चालते. रूपांतर न करता दोन्हींची सांगड घातली, तर खडकाची जागा पडद्यावर बरीच सरकलेली दिसते.

या कामाला पायी सर्वेक्षणाची जोड द्यावी. मे महिन्यात उघड्या पडलेल्या तळावरून फोनमधील जीपीएस घेऊन चालत गेले, की बुडित क्षेत्रातील जुन्या विहिरींचे कठडे, घरांची जोती, झाडांचे खुंट, बांध आणि विजेचे खांब नोंदवता येतात. उजनीच्या फुगवट्यात पाणी उतरल्यावर पळसदेवचे मंदिर उघडे पडते, हे अनेकांना ठाऊक आहे. तशी बुडालेली गावठाणे जायकवाडी आणि मुळा धरणांच्या पोटातही आहेत. आपली घरे-शेते सोडून उठलेल्या गावांची ती खूण आहे, याचे भान ठेवून तेथे वावरावे. गावातल्या वडीलधाऱ्यांना विचारले, तर कोणत्याही उपग्रहापेक्षा नेमकी माहिती मिळते.

खोलीचे गणित

खोली मोजणारे यंत्र जवळ असेल, तर दर फेरीला नकाशा अधिक नेमका होतो. गणित साधे आहे. समजा, पातळी १५१५ फूट असताना एका जागी पृष्ठभागापासून ९ फूट खोली मिळाली. म्हणजे तेथील तळ १५०६ फुटांवर आहे. हा तळाचा आकडाच नोंदवावा, खोलीचा नव्हे. पुढे पातळी १५०९ वर आली, की त्या जागी ३ फूट पाणी उरले, हे बसल्या जागी कळते. यंत्राचा संवेदक पाण्याखाली एक फूट बसवलेला असेल, तर मोजलेल्या आकड्यात तो एक फूट मिळवायचा. होडी पाण्यात दोन फूट बुडत असेल, तर तीन फूट पाणी कागदावर पुरेसे वाटते, पण लाट आणि गाळ यांचा विचार करता ते धोक्याचे आहे. बुडणाऱ्या भागाच्या निदान दुप्पट पाणी हवे, ही रीत चांगली.

फेरीला निघण्यापूर्वी त्या दिवसाची पातळी पाहणे म्हणूनच अनिवार्य ठरते. गेल्या महिन्यात सुरक्षित ठरलेली वाट या महिन्यात तशी राहत नाही.

प्रवासाची आखणी

भंडारदऱ्याचा परिचित जलमार्ग शेंडीकडील धरणाच्या बाजूपासून रतनवाडीच्या काठाकडे जातो. अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर आणि रतनगड यांच्या ओढीने पर्यटक होडीतून तिकडे जात आले आहेत. अशा मार्गाची आखणी सॉफ्टवेअरमध्ये पुढीलप्रमाणे करावी.

प्रथम नकाशावर वळणांचे टप्पे टिंबांनी नोंदवावेत. प्रत्येक टप्पा काठापासून आणि ज्ञात अडथळ्यापासून पुरेसा दूर असावा. टप्पे जोडले की एकूण अंतर आणि अपेक्षित वेळ सॉफ्टवेअर सांगते. ताशी पाच किलोमीटर वेगाने वल्हवणाऱ्याला दहा किलोमीटरला दोन तास लागतील, पण परतीला समोरून वारा असेल तर तीन-चारही लागू शकतात. म्हणून परतीची वेळ आधी ठरवावी आणि मग जाण्याची. दुसरे, प्रत्येक दोन टप्प्यांतील रेषा नकाशा मोठा करून टोकापासून टोकापर्यंत पाहावी. तिसरे, मार्गाची प्रत फोनमध्ये आणि एक कागदावर ठेवावी. कागदावर टप्प्यांचे निर्देशांक व दिशा लिहाव्यात. नगर परिसरात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एक अंशाहूनही कमी फरक असल्याने साध्या होकायंत्राची दिशा थेट वापरता येते.

पाण्यात उतरल्यावर मागोवा नोंदवणे सुरू करावे. आपण ज्या वाटेने गेलो ती रेषा पडद्यावर उमटत राहते. धुके उतरले, अंधार पडला किंवा काठ ओळखू येईनासा झाला, की याच रेषेवरून परत येणे ही सर्वांत खात्रीची वाट. मुक्कामासाठी नांगर टाकला तर नांगराची सूचना लावून ठेवावी. ठरावीक वर्तुळाबाहेर होडी सरकली की लॅपटॉप आवाज करतो. दरीतल्या पाण्यावर एक मर्यादा लक्षात घ्यावी. उंच कडे आकाशाचा काही भाग झाकतात, त्यामुळे कड्यालगत स्थान मध्येच उडी मारते. तेव्हा पडद्यापेक्षा डोळ्यांवर विश्वास ठेवावा.

पडद्यावर न दिसणारे

इलेक्ट्रॉनिक नकाशाचा सर्वांत मोठा धोका असा, की तो अपुरा असला तरी सुबक दिसतो. २९ नोव्हेंबर २०१४ रोजी ‘व्हॉल्वो ओशन रेस’ या जागतिक स्पर्धेतील ‘टीम वेस्टास विंड’ ही अत्याधुनिक नौका हिंदी महासागरात मॉरिशसच्या उत्तरेकडील प्रवाळखडकांवर आदळली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही. खडक नकाशावर होते, पण ज्या प्रमाणावर नकाशा उघडला होता त्यात ते ठळक दिसत नव्हते. पुरेसे मोठे करून पाहिले असते तर दिसले असते. व्यावसायिक खलाशांच्या बाबतीत हे घडू शकते, तर घरी रेखाटलेल्या नकाशावर विसंबणाऱ्याने किती सावध असावे, हे वेगळे सांगायला नको.

नगरच्या जलाशयांत काही अडथळे कोणत्याच नकाशावर येत नाहीत. मासेमारांची जाळी आज येथे तर उद्या तेथे असतात. त्यांचे तरंगते गोळे किंवा रिकाम्या बाटल्या लाटांत चटकन दिसत नाहीत आणि दोरी पंख्यात गुंतली की मोटर बंद पडते. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळे टाकणाऱ्याकडे दिवा नसतो, मग आपले स्थान रेडिओने कळवणारे यंत्र कोठले असणार! पाणी उतरेल तसे शेतकरी आपले पंप आणि पाइप आत सरकवतात. त्यांच्या विजेच्या तारा पाण्याजवळून गेलेल्या असतात. तेथून लांब राहणे हाच एक उपाय. जाळे तोडून पुढे जाणे हा तर कोणाच्या तरी दिवसभराच्या कमाईवर घाला आहे.

वाऱ्याचेही तसेच. ओपनसीपीएनमध्ये हवामानाच्या जागतिक प्रारूपांचे अंदाज नकाशावर पाहता येतात. समुद्रावरच्या लांबच्या प्रवासाला ते उपयोगी आहेत. मात्र या प्रारूपांच्या चौकटी कित्येक किलोमीटरच्या असतात आणि एप्रिल-मे महिन्यांतला वळीव तासाभरात उभा राहून एखाद्या तालुक्यावर कोसळतो. तो त्या चौकटीत सापडत नाही. मे २०२४ मध्ये उजनीच्या जलाशयात कुगाव ते कळाशी अशी प्रवासी वाहतूक करणारी होडी सायंकाळच्या वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा मृत्यू झाला. त्याच आठवड्यात अकोले तालुक्यातील सुगाव येथे प्रवरेत बुडालेल्यांचा शोध घेताना राज्य आपत्ती प्रतिसाद दलाची बोट उलटून दलाच्या तीन जवानांनी प्राण गमावले. पोहणाऱ्यांनाच नव्हे, प्रशिक्षितांनाही हे पाणी माफ करत नाही. उन्हाळ्यात दुपारी बारापूर्वी काठाला लागणे, हवामान विभागाचा तात्कालिक इशारा पाहणे आणि विजांसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने विकसित केलेले ‘दामिनी’ अॅप जवळ ठेवणे, ही पथ्ये सॉफ्टवेअरपेक्षा महत्त्वाची आहेत.

वीज, ऊन आणि ओलावा

लॅपटॉप हे पाण्यावरचे जनावर नव्हे. तो साधारण ५० वॉट वीज घेतो असे धरले, तर १२ व्होल्टच्या बॅटरीतून नासाडीसह पाच अँपिअर प्रवाह लागेल. चार तासांच्या फेरीला २० अँपिअर-तास झाले. साधी शिसे-आम्ल बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये, म्हणून ४० अँपिअर-तासांची बॅटरी सोबत हवी. १२ व्होल्टचे २२० करून पुन्हा चार्जरने उतरवण्यापेक्षा थेट मोटारगाडीचा लॅपटॉप-चार्जर वापरला तर वीज वाचते. पडद्याची उजळणी कमी करणे आणि वायफाय बंद ठेवणे यानेही बचत होते.

भर उन्हात पडदा दिसत नाही, त्यामुळे त्यावर पुठ्ठ्याची काळी झडप करावी. उघड्या कयाकमध्ये लॅपटॉप नेण्याचा अट्टहास करू नये. तेथे आखणी लॅपटॉपवर घरी करावी आणि पाण्यावर तोच मार्ग फोनमध्ये, जलरोधक पिशवीतून न्यावा. छप्पर असलेल्या मोटरबोटीत लॅपटॉप बुडापासून वर, पट्ट्याने बांधून ठेवावा. जीपीएस ग्राहक आकाश दिसेल अशा जागी लावावा. परदेशी पुस्तके उपग्रह फोन बाळगण्याचा सल्ला देतात. भारतात तो परवानगीशिवाय बाळगणे बेकायदा आहे, हे विसरू नये.

परवानग्या आणि मर्यादा

धरणाचे पाणी सार्वजनिक दिसले तरी तेथे होडी घालायला मोकळीक नसते. जलाशय जलसंपदा विभागाच्या ताब्यात असतात. नौकांची नोंदणी, तपासणी व सुरक्षा यांसाठी १९१७ च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेला २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आहे आणि राज्यात महाराष्ट्र सागरी मंडळाचा त्याच्याशी संबंध येतो. भंडारदऱ्याचा परिसर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याला लागून आहे, तर नाथसागर हे जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे. तेथे वन विभागाचे नियमही लागू होतात. हिवाळ्यात उतरलेल्या स्थलांतरित पक्ष्यांच्या थव्यात मोटर घालणे नियमातही बसत नाही आणि सभ्यतेतही. नकाशे तयार करण्याबाबत फेब्रुवारी २०२१ च्या भूस्थानिक मार्गदर्शक सूचनांनी बरीच मोकळीक दिली असली, तरी धरणाची भिंत, दरवाजे, वीजगृह अशा प्रतिबंधित भागांची नोंद व छायाचित्रण टाळावे. भिंतीच्या आणि सांडव्याच्या जवळ तर होडी कधीच नेऊ नये.

यंत्र आणि नाविक

सागर परिक्रमेचे उदाहरण येथे बोलके आहे. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि तसे करणारे ते पहिले भारतीय ठरले. त्यांच्यानंतर अभिलाष टॉमी यांनी विनाथांबा परिक्रमा केली आणि पुढे ‘गोल्डन ग्लोब’ स्पर्धेत भाग घेतला. या स्पर्धेत उपग्रहाधारित मार्गनिर्देशन वापरण्यास मनाई असते. सूर्य-तारे आणि कागदी नकाशे यांच्यावरच सारी भिस्त. २०१८ च्या स्पर्धेत वादळात जबर जखमी झालेले टॉमी २०२३ मध्ये त्याच स्पर्धेत दुसरे आले. यंत्र नाकारणे हा त्याचा धडा नाही. यंत्र बंद पडल्यावरही ज्याला आपण कोठे आहोत हे सांगता येते, त्याच्याच हाती यंत्र शोभते, हा आहे.

नगरच्या जलाशयांवर जाणाऱ्या हौशी नाविकाने म्हणून क्रम असा ठेवावा : प्रत्येकाच्या अंगात जीवरक्षक जाकीट, काठावर कोणाला तरी परतीची वेळ सांगून ठेवणे, स्थानिक होडीवाल्याचा किंवा मासेमाराचा सल्ला, त्या दिवसाची पाण्याची पातळी आणि हवामान, कागदावरची दिशा आणि त्यानंतर लॅपटॉप. या क्रमात शेवटी असूनही त्याचे मोल कमी नाही. काठाच्या रेषा, तळाचे आकडे, जोत्यांच्या आणि खुंटांच्या नोंदी एका हंगामापुरत्या न राहता दरवर्षी जमत जातात. आज ज्या पाण्याला नकाशा नाही, त्या पाण्याचा नकाशा अशा फेऱ्यांतून तयार होऊ शकतो. तो पुढच्या होडीवाल्याच्याच नव्हे, तर एखाद्या रात्री मदतीसाठी त्या पाण्यात उतरावे लागणाऱ्या पथकाच्याही उपयोगी पडेल.